एक फाइल, चाळीस किलोमीटर

देपालपूरहून इंदूरला येणाऱ्या सकाळच्या बसमध्ये ती माझ्या शेजारी बसली होती. मांडीवर मुलगा आणि मुलाच्या मांडीवर निळी, बटणाची प्लास्टिकची फाइल. मुलगा सात वर्षांचा. फाइलचं बटण तो उघडायचा, लावायचा, पुन्हा उघडायचा. "टक्" आवाज आला की आईकडे बघायचा. बेटमा येईपर्यंत हे अखंड चाललं होतं आणि तिने त्याला एकदाही थांबवलं नाही.

मी मराठीत फोनवर बोलले तेव्हा तिने वळून पाहिलं. "मावशी, तुम्ही इंदूरच्या का?" मग बोलणं सुरू झालं. तिच्या सासरचं घराणं होळकरांच्या काळात माळव्यात आलेलं. घरात मराठी, गल्लीत माळवी, शाळेत हिंदी. फाइलमध्ये काय आहे ते तिने एकेक करून दाखवलं: आधार, समग्र आयडी (मध्य प्रदेश सरकारचा ओळख क्रमांक), जन्माचा दाखला, पासपोर्ट आकाराचे चार फोटो, शाळेच्या माडसाबांनी, म्हणजे मास्तरांनी, लिहून दिलेलं एक पान, आणि प्रत्येकाच्या तीन-तीन झेरॉक्स. ही तिची दुसरी फेरी होती. पहिली वाया गेली होती ती नावापायी. आधारवर मुलाचं नाव आपल्या पद्धतीने, म्हणजे नाव, वडिलांचं नाव, आडनाव. समग्रवर इथल्या पद्धतीने नुसतं नाव आणि आडनाव. दोन्ही जुळेनात म्हणून दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्राचा अर्ज पुढे सरकला नाही. एवढ्यासाठी एक दिवसाची मजुरी, दोघांचं बसभाडं आणि एका मुलाचा गर्दीतला सहा तासांचा त्रास.

"या खेपेला सगळं आहे," ती म्हणाली. "सरांनी यादी करून दिली. घरी येऊन."

हे 'सर' म्हणजेच या लेखाचा विषय. त्यांचं नाव लिहीत नाही, कारण मला लिहायचं आहे ते त्यांच्या पदाबद्दल. मध्य प्रदेशात या पदाला म्हणतात 'मोबाइल स्रोत सलाहकार', बोलताना नुसतं एमआरसी. शाळांची व्यवस्था पाहणाऱ्या जनपद शिक्षा केंद्रात त्यांची खुर्ची असते. पण मोबाइल म्हणजे फिरता, आणि काम खरोखरच फिरतीचं. इंदूर जिल्ह्याचे चार विकासखंड आहेत: इंदूर, महू, सांवेर आणि देपालपूर. देपालपूरच्या वाट्याला शंभराहून जास्त गावं येतात. त्या गावांतल्या शाळांमध्ये विशेष गरजा असलेली मुलं शोधायची, शिक्षकांना वर्गात काय करायचं ते दाखवायचं, आईवडिलांना कागदांची वाट समजावायची आणि अंथरुणातून उठू न शकणाऱ्या मुलांच्या घरी शिकवण्याची सोय बघायची. महाराष्ट्रात समावेशित शिक्षणातले विशेष शिक्षक आणि विशेष साधन व्यक्ती हेच काम करतात. दोन्हीकडे पगार 'समग्र शिक्षा' या शिक्षण योजनेतून होतो, आणि दोन्हीकडे भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. या परिषदेला १९९२ च्या कायद्याने वैधानिक दर्जा मिळाला.

देपालपूर म्हटलं की मला मालेराव आठवतात. अहिल्याबाईंच्या या मुलाचा जन्म १७४५ मध्ये देपालपूरचा. १७६६ मध्ये आजोबा मल्हारराव गेले, गादी मालेरावांकडे आली आणि १७६७ मध्ये, पुरतं वर्षही झालं नाही तोच, ते वारले. त्यांच्या मनाचा तोल ढळलेला होता, असं जॉन माल्कमने पुढे मध्य हिंदुस्थानच्या इतिहासात नोंदवलं. त्याने ऐकून लिहिलेलं ते सगळं जसंच्या तसं धरू नये, आणि अडीचशे वर्षांपूर्वीच्या माणसाच्या आजाराला आज नाव देण्याच्या भानगडीतही मी पडणार नाही. पण त्यातलं एक चित्र माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. राज्य चालवण्याची ताकद असलेली बाई मुलाच्या उशाशी दिवस दिवस बसून आहे, आणि त्याला झपाटलेल्या पिशाच्चाची विनवणी करते आहे की याला सोड, तुझं देऊळ बांधते, तुझ्या घरच्यांना जमीन लावून देते. तिच्याजवळ सगळं होतं. मुलाला काय होतंय ते सांगणारं कुणी नव्हतं.

आज सांगणारी माणसं आहेत, कायदेही आहेत. अपंग मुलांना सर्वसाधारण शाळेत आणण्याची केंद्राची पहिली योजना १९७४ ची. १९९५ चा कायदा आला तेव्हा अपंगत्वाचे सात प्रकार होते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ते २१ झाले. स्वमग्नता, अध्ययन अक्षमता, सिकलसेल हे त्यात पहिल्यांदा आले. हा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्याच्या कलम ३१ नुसार चाळीस टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क आहे. तो जवळच्या शाळेत घ्यायचा की विशेष शाळेत, ही निवड कुटुंबाची. शिक्षण हक्क कायद्यात २०१२ ला दुरुस्ती झाली आणि बहुविकलांग किंवा तीव्र दिव्यांगत्व असलेल्या मुलाला घरी शिकण्याचा पर्याय मिळाला. यातला 'पर्याय' हा शब्द पालकांनी धरून ठेवावा. घरचं शिक्षण निवडायचं ते कुटुंबाने. "याला घरीच ठेवा" असं शाळेने परस्पर सांगायचं नाही.

बसमधल्या बाईला आणखी एक गोष्ट पक्की ठाऊक होती आणि ती ऐकून मला बरं वाटलं. शाळेत नाव घालायला दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र लागत नाही. तिच्या मुलाचं नाव पटावर होतंच. प्रमाणपत्र लागतं ते पुढच्या गोष्टींसाठी: मदतीची साधनं, भत्ते, पेन्शन, परीक्षेतल्या सवलती. कितीतरी घरं इथेच अडकून पडतात. आधी कागद होऊ दे, मग शाळा बघू, असं म्हणता म्हणता दोन-तीन वर्षं जातात, आणि लहान वयातली दोन-तीन वर्षं फार महाग असतात.

प्रमाणपत्राची वाट अशी. अर्ज स्वावलंबन पोर्टलवर होतो. तपासणीला जिल्ह्याच्या वैद्यकीय मंडळासमोर जायचं. इंदूरचं जिल्हा रुग्णालय धार रोडवर आहे, देपालपूरची बस थांबते त्या गंगवाल स्टँडपासून फार लांब नाही. बौद्धिक अक्षमता असेल तर बुद्धिमापनाबरोबर मुलाचं रोजचं वागणंही पाहतात: स्वतः जेवतो का, बटण लावतो का, रस्ता ओळखतो का. म्हणून आईने जाताना या गोष्टी आधी लिहून न्याव्यात. तिथे ऐन वेळी आठवत नाहीत, आणि मूल अनोळखी जागी घरच्यासारखं वागतही नाही. मग यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगत्वाचं ओळखपत्र, येतं. चाळीस टक्क्यांच्या खाली पांढरी पट्टी, चाळीसपासून ऐंशीच्या आतपर्यंत पिवळी, ऐंशी आणि वर निळी. मूल लहान असेल तर प्रमाणपत्र कायमचं नसतं, पुन्हा तपासणी होते. २०१८ च्या नियमावलीत अध्ययन अक्षमतेचा दाखला आठव्या वर्षापासून, मग चौदाव्या आणि अठराव्या वर्षी पुन्हा, असं ठरलं. पुन्हा तपासणीची ही तारीख कुणी घरी येऊन सांगत नाही. फाइलच्या आतल्या बाजूला ती मोठ्या अक्षरात लिहून ठेवावी.

पण कार्ड मिळालं म्हणजे मूल शिकायला लागलं असं होत नाही. शिकणं होतं ते वर्गात, आणि तिथे एकट्या पडलेल्या दुसऱ्या माणसाबद्दल आपण फार कमी बोलतो. ते म्हणजे माडसाब. एका खोलीत दोन इयत्ता, समोर तीस-चाळीस मुलं आणि त्यांत एक असं, जे बोलत नाही, बसत नाही, घंटा वाजली की कानांवर हात ठेवून दाराकडे पळतं. बी.एड. करताना या मुलाबद्दल एखादा धडा झालेला असतो, तोही परीक्षेपुरता. अशा शिक्षकाला दोष देणं मला पटत नाही. त्याला हवी असते त्याच्या वर्गात येऊन, त्याच मुलाबरोबर, अर्धा तास बसून दाखवणारी माणसं.

अशी एक बैठक मी पाहिली. बसमधली ओळख पुढे वाढली, आणि काही आठवड्यांनी तिच्याच गावच्या शाळेत मुलाचा वैयक्तिक शैक्षणिक आराखडा लिहिला जात होता तेव्हा मी मागच्या बाकावर होते. माडसाबांनी आधी लिहिलं होतं: 'बालक के व्यवहार में सुधार होगा.' एमआरसी सरांनी विचारलं, सुधारला हे तुम्हाला कळणार कशावरून? माडसाब गप्प. मग आईला विचारलं, तुला सगळ्यात जास्त काय हवंय? तिला आधी वाटलं होतं अक्षरं म्हणावं, गिनती म्हणावं. पण ती म्हणाली, "सुट्टी झाली की हा अनवाणी रस्त्यावर पळतो. ते थांबलं पाहिजे." त्यावरून जे लिहिलं गेलं ते असं: घंटा वाजल्यावर हा चप्पल घालेल आणि रांगेत उभा राहील, आठवड्याच्या पाच दिवसांपैकी चार दिवस, दिवाळीपर्यंत. घंटेआधी एक मिनिट माडसाब त्याच्या खांद्याला हात लावतील आणि चपलेचं चित्र दाखवतील. चप्पल दाराजवळ, ठरलेल्या एकाच जागी. जमेल त्या दिवशी दाराच्या मागच्या बाजूला खडूने एक रेघ.

पेन्सिलीचंही असंच. त्याला पेन्सिल धरता येत नव्हती, म्हणून वर्षभर त्याचा हात धरून 'अ' गिरवून घेत होते. सरांनी पिशवीतून कपडे वाळत घालायचे चिमटे काढले आणि सुतळी बांधली. अंगठा आणि दोन बोटांत दाबून एकेक चिमटा सुतळीला लावायचा. पहिला निसटला. दुसराही. तिसरा लागला तेव्हा तोच "टक्" आवाज आला, बसमधल्या बटणासारखा, आणि पोराने वर पाहिलं. पेन्सिल धरायला हीच तीन बोटं लागतात. जे वेड म्हणून सोडून दिलं जातं त्यातच कधी कधी शिकवायचा धागा असतो.

इंदूरच्या मराठी माणसाला ही रीत परकी वाटू नये. शालिनीताई मोघे यांनी १९४७ मध्ये बाल निकेतन उभं केलं, त्यामागे मॉन्टेसरींची पद्धत होती. आणि मॉन्टेसरी ती पद्धत शिकल्या होत्या रोममधल्या मंदबुद्धी म्हणून बाजूला काढलेल्या मुलांकडून. १९०७ चं त्यांचं पहिलं 'बालगृह', म्हणजे लहान मुलांची शाळा, त्या कामाच्या नंतरचं. या पद्धतीची सुरुवातीची साधनं ज्या मुलांच्या हातांनी आधी तपासली, तशाच मुलांना पुढे त्या शाळांच्या दारातून परत पाठवलं गेलं, हे मला लागतं.

मराठी घरांसाठी एक गोष्ट वेगळी लिहिते. मूल उशिरा बोलायला लागलं की पहिला सल्ला मिळतो, घरात मराठी बंद करा, नुसतं हिंदी बोला, दोन भाषांनी पोर गोंधळलंय. बसमधल्या बाईनेही दोन वर्षं मराठी बंद ठेवली होती. तिचं हिंदी बेतास बात, त्यामुळे झालं असं की ती मुलाशी बोलायचीच कमी झाली. दोन भाषांमुळे वाचा अडत नाही, हे वाचातज्ज्ञांमध्ये आता सर्वमान्य आहे. बोलणं उशिरा असेल तर आधी कान तपासून घ्यावेत, मग बाकीचं. आणि आईला जी भाषा पोटातून येते तिच्यातच तिने भरभरून बोलावं. अंगाई, दटावणी, लाड, सगळं.

आता माणसांच्या संख्येबद्दल. २८ ऑक्टोबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की प्राथमिक वर्गांत अशा दहा मुलांमागे एक विशेष शिक्षक हवा, वरच्या वर्गांत पंधरांमागे एक. मार्च २०२५ मध्ये राज्यांना पदं जाहीर करून भरण्याची मुदत घालून द्यावी लागली. म्हणजे जवळजवळ साडेतीन वर्षांत ती भरली गेली नव्हती. तोवर शंभराहून जास्त गावांचा ब्लॉक एका फिरत्या माणसाच्या मोटारसायकलवर चालतो. पावसाळ्यात चंबळ आणि गंभीर या नद्या भरल्या की काही गावं त्याच्या यादीत नुसतीच राहतात. तो आजारी पडला, बदलून गेला, त्याचा करार संपला, की गावोगावच्या मुलांची माहिती त्याच्या वहीबरोबर जाते. म्हणून फाइल कार्यालयात असो वा नसो, आईकडे पूर्ण प्रत हवीच. आराखड्याचीही. तिच्यासमोर लिहिलेली, तिला वाचून दाखवलेली आणि तिच्या सहीची. मला या सगळ्या व्यवस्थेत एकच बदल मागायचा असेल तर मी हा मागेन.

कारण वाट लांब आहे. समग्र शिक्षेत दिव्यांग मुलींसाठी महिना २०० रुपयांचा भत्ता आहे, दहा महिने, आणि तो बँक खातं नसल्याने अडतो. दहावीला लेखनिक आणि जादा वेळेचा अर्ज परीक्षेच्या तोंडावर नव्हे, फॉर्म भरतानाच करावा लागतो. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता असेल तर राष्ट्रीय न्यासाची निरामय योजना एक लाखापर्यंतचा आरोग्यविमा देते आणि त्यात थेरपीचा खर्चही बसतो, हे देपालपूरच्या बाजारात कुणाला विचारून कळत नाही. अठरा वर्षं पूर्ण झाली की पालकत्वाचा प्रश्न येतो, तेव्हा पुन्हा एक नवं टेबल.

ऑक्टोबरमध्ये मी पुन्हा गेले. सोयाबीन काढून झालं होतं, आणि बटाट्याच्या लावणीसाठी वावरं तयार होत होती. फाइल जाड झाली होती, कार्ड आलं होतं, पिवळ्या पट्टीचं. पण तिने ते नंतर दाखवलं. आधी मला शाळेत नेलं आणि दाराचं पान माझ्यासमोर उघडून धरलं. खडूच्या रेघा गटागटाने होत्या. पहिल्या आठवड्यात एक. मग पुन्हा एक. मग एक आठवडा काहीच नाही. "ताप होता त्याला," ती म्हणाली. मग दोन, दोन, तीन. आत घंटेआधीचं ते एक मिनिट सुरू झालं होतं. माडसाबांनी त्याच्या खांद्याला हात लावला, खिशातून चपलेचं चित्र काढलं. आम्ही दोघी दारामागे सरकलो. तिने भिंतीच्या कोनाड्यातून खडू आधीच उचलून हातात घेतला होता.