काचीगुडा ते मनमाड : ‘पडीक’ ठरलेल्या माळाची ओळख

काचीगुडा स्थानकाची घुमटाकार वास्तू १९१६ मध्ये उभी राहिली. येथून मनमाडकडे जाणाऱ्या लोहमार्गाने हैदराबाद आणि मराठवाडा यांचे नाते पिढ्यान्‌पिढ्या जपले. १९५६ पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यातच होता. शिक्षण, नोकरी वा न्यायालयीन कामानिमित्त आलेली अनेक मराठी कुटुंबे येथेच स्थिरावली. या प्रवासात खिडकीबाहेर दिसणाऱ्या प्रदेशाला मात्र आपण बहुधा ‘उजाड’ एवढेच म्हणत आलो.

हैदराबादभोवतीच्या टेकड्या ग्रॅनाइटच्या आहेत. एकावर एक रचून ठेवल्यासारखे दिसणारे हे गोल धोंडे कुणी आणून ठेवलेले नाहीत. सुमारे अडीचशे कोटी वर्षांपूर्वीचा हा खडक भेगांमधून झिजत गेला आणि त्याचे गाभे तेवढे उरले. खाणी व बांधकामे यांनी ते फोडले जाऊ लागले, तेव्हा १९९६ मध्ये ‘सोसायटी टू सेव्ह रॉक्स’ ही संस्था शहरात स्थापन झाली. बासरजवळ गोदावरी ओलांडून गाडी नांदेड जिल्ह्यात शिरते. जिल्ह्याच्या पूर्वेस, देगलूर-बिलोलीकडे, ग्रॅनाइटच आढळतो. पश्चिमेस सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा काळा पाषाण सुरू होतो. वेरूळची लेणी आणि देवगिरीचा ताशीव कडा त्याच पाषाणातला. मनमाडच्या अलीकडे अंकाई-टंकाईची जोडगोळी दिसते, तीही त्याचीच.

किल्ले-लेण्यांचे कौतुक आपण करतो. त्यांच्यामधल्या माळाचे करीत नाही. वास्तविक जेथे पाऊस बेताचा आणि मुरमावर मातीचा थर पातळ, तेथे घनदाट अरण्य वाढत नाही, गवत वाढते. पवन्या, मारवेल, कुसळी ही तेथील मूळची संपत्ती. काळवीट, लांडगा, खोकड, धाविक, चंडोल यांचे घर तेच. माळढोकाला तर मोकळा माळच हवा. तो जमिनीवर बहुधा एकच अंडे घालतो आणि दूरवर नजर पोहोचली तरच सुरक्षित राहतो. त्याच्यासाठी १९७९ मध्ये सोलापूरजवळील नान्नज परिसरात अभयारण्य घोषित झाले. कागदावर त्याचे क्षेत्र साडेआठ हजार चौरस किलोमीटरांच्या घरात होते. गावे आणि शेतीही त्यात आल्याने लोकांचा रोष ओढवला व पुढे ते सुमारे बाराशे चौरस किलोमीटरांवर आणण्यात आले. माळढोक मात्र तेथून जवळजवळ नाहीसाच झाला.

माणसानेही हा माळ राखला आहे. महाराष्ट्रातील धनगर आणि तेलंगणातील कुरुमा दख्खनी मेंढ्यांचे कळप घेऊन याच कुरणांवर फिरत आले. सुगीनंतर खतासाठी शेतात मेंढरे बसवायची, लोकरीची घोंगडी विणायची, ही त्यांची रीत. आपण ज्याला घोंगडी म्हणतो, तिला तेलुगूत गोंगडी म्हणतात. महसुली दप्तरात मात्र चराऊ माळ सहसा ‘पडीक’ सदरात जातो. एकदा पडीक ठरला की तो उद्योगाला देता येतो, किंवा त्यावर वृक्षारोपण करता येते. झाडे लावण्याला विरोध कोण करणार? पण गवताळ माळावर लावलेली दाट झाडी तेथील पशुपक्ष्यांना हुसकावूनच लावते.

हा प्रश्न आपल्या दारातही आला. कांचा गचीबावली येथील सुमारे चारशे एकर जागेवर यंत्रे चालली आणि ३ एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तेथील वृक्षतोड थांबवली. चर्चा झाली ती झाडांची आणि भूखंडाच्या किमतीची. ‘कांचा’ या शब्दाकडे फारसे कुणाचे लक्ष गेले नाही. तेलंगणात कांचा म्हणजे चराऊ रान, आपले गायरान.

दख्खनी माळाचा एक तुकडा पाहायचा असेल, तर काचीगुड्याहून फार दूर जावे लागत नाही. विजयवाडा मार्गावर वनस्थलीपुरम येथे महावीर हरिण वनस्थली आहे. एकेकाळचे निजामाचे हे शिकारीचे रान १९७५ मध्ये राखीव झाले. तेथे गवतात आजही काळवीट चरताना दिसतात.