तांब्याची वायर की अल्युमिनियमची?

विहिरीवर मोटार बसवायची ठरली की मोटार आपण चार दुकाने हिंडून घेतो. वायर मात्र "असेल ती द्या" म्हणून उचलतो. पुढे मोटार जळते, आणि बोल लागतो मोटारीला.

वायरीत दोन गोष्टी असतात. आत धातूची तार आणि वर आवरण. तार वीज नेते. आवरण तिला बाहेर येऊ देत नाही.

आधी तार पाहू. वीज सर्वांत सहज वाहते चांदीतून. पण चांदी विहिरीवर कोण अंथरणार? तिच्या खालोखाल तांबे. अल्युमिनियमची ताकद तांब्याच्या सुमारे ६० टक्के. म्हणून जिथे २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार पुरते, तिथे अल्युमिनियमची ४ ची लागते.

मग खांबांवर अल्युमिनियम का? तेवढीच वीज नेणारी अल्युमिनियमची तार वजनाला तांब्याच्या निम्मी भरते, आणि स्वस्त पडते. लांबच्या लाइनीला ती ठीक. खोड आहे ती जोडापाशी. हवा लागली की अल्युमिनियमवर पातळ थर चढतो, त्यातून वीज जात नाही. तापून-निवून ते स्क्रूखाली सैल पडते. सैल जोड तापतो, कधी पेटतोही. तांबे आणि अल्युमिनियम एकमेकांना पिळून तर कधीच जोडू नये. ओल लागली की अल्युमिनियम झिजून जाते.

विहीर लांब असेल तर तार आणखी जाड घ्यावी. बारीक पाइपातून पाणी लांब नेले तर शेवटी धार कशी बारीक पडते? तसेच विजेचे. लांब, बारीक तारेतून मोटारीला दाब कमी पोचतो. मोटार भार ओढायला जास्त वीज खेचते, आतली गुंडाळी तापते आणि जळते. लांबी मोजून वायरमनला सांगा, मग जाडी ठरवा.

आता आवरण. पूर्वी रबराचे असे. ते उन्हाने तडकते. आता बहुधा पी.व्ही.सी.चे असते. त्याला पाणी लागले तरी चालते, पण साधे पी.व्ही.सी. ७० अंशांपर्यंतच टिकते. बारीक तार जास्त तापली की ते मऊ पडते. घेताना आय.एस.आय.ची खूण आणि ६९४ हा मानक क्रमांक पाहावा. पाण्यात बुडणाऱ्या मोटारीला तिच्यासाठीचीच चपटी, तीन तारांची केबल मागावी.

आवरणाला नखभर चीर दिसली तर पट्टी गुंडाळून भागवू नका. विहिरीकाठी जमीन ओली असते, पाय अनवाणी असतात. तेवढ्या चिरेने माणूस जातो. ती वायर बदलेपर्यंत मेन स्विच बंदच ठेवा, मग उसाची एक पाळी चुकली तरी चालेल.