वळचणीखालचा साक्षीदार

सह्याद्रीच्या पायथ्याशी, उल्हास आणि पाताळगंगा या नद्यांच्या खोऱ्यांत पसरलेल्या कर्जत व खालापूर या तालुक्यांत गेल्या काही दशकांत एक नव्या प्रकारची वस्ती उभी राहिली आहे. नेरळ, कशेळे, कडाव, चौक, खोपोली यांच्या आसपास मुंबई-पुण्याच्या कुटुंबांनी बांधलेली ही घरे शनिवार-रविवारी गजबजतात आणि सोमवारपासून कुलूपबंद असतात. त्यांच्याच शेजारी पिढ्यान्पिढ्या त्या गावांत नांदणाऱ्यांची पडवी-ओटीची कौलारू घरे आहेत. तेथली कर्ती मुले पहाटेची लोकल पकडून नोकरीला जातात आणि म्हातारी माणसे दिवसभर एकटी राहतात. दाराशी कोण आले हे दुरून पाहता यावे, आणि त्यासाठी बसवायचा कॅमेरा लहानसा, घराच्या रूपाला न खुपणारा असावा, ही गरज या दोन्ही प्रकारच्या घरांना आता सारखीच भासू लागली आहे. गरज रास्त आहे. परंतु ती भागवताना जे समज मनाशी बाळगले जातात, त्यांपैकी कित्येक इतके निराधार आहेत की प्रसंग ओढवल्यावर खर्चही गेला आणि हाती काही लागलेही नाही अशी अवस्था होते; म्हणून त्यांचा थोडा विस्ताराने परामर्श घेणे अगत्याचे वाटते.

सर्वांत दृढमूल समज असा, की कॅमेरा जितका लहान आणि जितका दडवलेला, तितका तो अधिक उपयोगी. याच्या मुळाशी एक घोटाळा आहे. कॅमेऱ्याकडून आपण दोन अगदी निरनिराळ्या कामांची अपेक्षा धरतो: येणाऱ्या इसमाला परावृत्त करणे हे पहारेकऱ्याचे काम, आणि घडलेली हकीकत नंतर निःसंदिग्धपणे सांगणे हे साक्षीदाराचे. जो दिसतच नाही तो परावृत्त कोणाला करणार? जो दिसतो तोही पहारेकरी म्हणून बेताचाच ठरतो, कारण निरनिराळ्या देशांतील चाळीस वर्षांच्या अभ्यासांचा जो एकत्रित आढावा २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात कॅमेरे असलेल्या ठिकाणी गुन्ह्यांत सरासरी सुमारे १३ टक्केच घट आढळली होती, आणि सर्वांत ठळक परिणाम दिसला तो वाहनतळांवर. तेव्हा दारावरच्या कॅमेऱ्याची निवड साक्षीदार म्हणूनच केली पाहिजे, आणि साक्षीदाराला तीन गोष्टी साधाव्या लागतात: त्याला नीट दिसले पाहिजे, तो प्रसंगी हजर असला पाहिजे, आणि त्याच्या जबाबावर विश्वास बसला पाहिजे.

नीट दिसण्याच्या बाबतीत अतिलहान आकार हा गुण नसून दोष आहे. सदऱ्याच्या गुंडीत, भिंतीवरच्या घड्याळात किंवा मोबाइलच्या चार्जरमध्ये दडवलेले जे ‘स्पाय कॅमेरे’ बाजारात मिळतात, त्यांचे भिंग टाचणीच्या टोकाएवढे आणि त्यामागचा प्रकाशग्राही पृष्ठभागही अगदी क्षुद्र असल्यामुळे संधिप्रकाशात त्यांचे चित्र करड्या ठिपक्यांचा गोंधळ होऊन बसते. बहुतेकांना रात्री पाहण्याची सोय नसते, पावसापासून संरक्षण नसते, आणि इवल्याशा कवचात उष्णता कोंडून ते बंद पडतात. लहान आणि छुपा यांत भेद आहे. मुठीत मावेल एवढा, भिंतीच्या किंवा वाशाच्या रंगाशी जुळणारा, वळचणीच्या आत हाताला सहज न लागेल असा बसवलेला, परंतु शोधणाऱ्याच्या नजरेला सापडणारा कॅमेरा घराची शोभाही राखतो आणि आपले कामही करतो.

येथे रात्रीच्या प्रकाशाविषयी सांगितले पाहिजे, कारण ‘न दिसणारा’ कॅमेरा घेऊनही रात्री तो का दिसतो याचे कोडे अनेकांना पडते. अंधारात कॅमेरा अवरक्त किरणांनी पाहतो. सामान्यतः हे किरण ८५० नॅनोमीटर तरंगलांबीचे असतात आणि त्यांचे दिवे अंधारात मंद तांबूस दिसतात. ९४० नॅनोमीटरचे दिवे डोळ्यांना मुळीच दिसत नाहीत, परंतु त्या तरंगलांबीला कॅमेऱ्याची ग्राहकता कमी असल्याने त्यांचा पल्ला बराच आखूड पडतो. दार आणि पायऱ्या एवढेच पाहायचे असेल तर दुसरा प्रकार पुरेसा आहे. फाटकापर्यंत पाहायचे असेल तर तांबूस ठिपका पत्करावा. आणि खिडकीच्या काचेआडून कॅमेरा ठेवण्याची युक्ती तर रात्री पुरती फसते, कारण किरण काचेवरूनच परततात आणि चित्रात पांढऱ्या झळाळीखेरीज काही उरत नाही.

मेगापिक्सेल अधिक आणि कोन रुंद म्हणजे सर्व काही दिसेल, हा समज विक्रेत्यांनीच पसरवलेला आहे, आणि तो थोड्या गणिताने दूर होतो. अपरिचित माणसाचा चेहरा ओळखण्यासाठी आंतरराष्ट्रीय मानकाने दृश्याच्या दर मीटर रुंदीला २५० पिक्सेल आवश्यक धरले आहेत. परिचिताला ओळखण्यासाठी १२५, आणि कोणी तरी मनुष्य आहे एवढे कळण्यासाठी २५. दोन मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याच्या चित्राची रुंदी १९२० पिक्सेल असते. त्याचे भिंग १०० अंशांचे असेल, तर अनोळखी चेहरा ओळखता येण्याची मर्यादा जेमतेम सव्वातीन मीटरवर संपते, आणि दहा मीटरांवरच्या फाटकाशी उभा असलेला इसम पुरुष की स्त्री एवढेच फार तर सांगता येते. तोच कोन ८० अंशांचा केला तर ही मर्यादा साडेचार मीटरांपर्यंत जाते. सारांश, एका कॅमेऱ्याने अंगण, फाटक, मोटार आणि दार असे सारेच पाहण्याचा हव्यास सोडून, दाराशी येणाऱ्याला ज्या अरुंद जागेतून यावेच लागते, त्या पायऱ्यांवर अगर पडवीच्या तोंडावर त्याची दृष्टी खिळवावी हे उत्तम.

उंचीचाही विचार असाच. कोणी तोडू नये म्हणून कॅमेरा दुसऱ्या मजल्याच्या छज्ज्याला लावला जातो आणि मग त्यात टोप्या, छत्र्या व इरली यांखेरीज काही येत नाही. सात फुटांच्या आसपासची उंची, किंवा बेलच्या जागी बसणारा दारघंटीचा कॅमेरा, चेहरा समोरून टिपतो. आपल्या पडव्यांची आणखी एक अडचण आहे: आत काळोख आणि बाहेर उन्हाने तळपणारे अंगण, यामुळे दाराशी उभ्या माणसाचा चेहरा काळा ठिक्कर येतो. अशा जागी तीव्र प्रकाशभेद सांभाळणारी, बाजारात ‘डब्ल्यूडीआर’ या नावाने ओळखली जाणारी सोय कॅमेऱ्यात आहे की नाही याची खातरजमा करावी. माझ्या मते मेगापिक्सेलपेक्षा तिचे मोल अधिक आहे.

आता हजर असण्याविषयी. वेष्टनावर ‘वॉटरप्रूफ’ छापले की कोकणच्या पावसाची चिंता मिटली, असे मानणाऱ्यांनी लक्षात घ्यावे की माथेरानच्या माथ्यावर वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस कोसळतो आणि त्याच ढगांच्या छायेत ही दोन्ही खोरी चार महिने भिजत असतात. आयपी ६५ ही खूण पाण्याच्या झोताला तोंड देण्याची, ६६ ही जोरदार झोताला. ६७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास तग धरण्याची. आयपी ६६ येथे किमान समजावा. मात्र कवच कितीही भक्कम असले तरी पाणी शिरते ते बहुधा तारेच्या जोडातून; म्हणून जोड भिंतीच्या आत किंवा बंद पेटीत घ्यावा आणि तार कॅमेऱ्याशी पोचण्यापूर्वी तिला खाली एक झोल द्यावा, म्हणजे ओघळ तेथूनच गळून पडतो. कॅमेरा पागोळ्यांच्या रेषेच्या आत असावा. रात्री अवरक्त किरण पावसाच्या थेंबांवरून आणि दिव्यापाशी जमणाऱ्या किड्यांवरून परावर्तित होतात, त्या किड्यांच्या लोभाने कोळी भिंगासमोरच जाळे विणतो, आणि मालकाच्या मोबाइलवर रात्रभर निरर्थक इशारे येत राहतात. तिसऱ्या दिवशी मालक इशारेच बंद करून टाकतो. यावर उपाय, इशाऱ्याचे क्षेत्र पायऱ्यांपुरते मर्यादित करणे आणि पंधरवड्याने एकदा कोरड्या मऊ फडक्याने भिंग पुसवून घेणे. उष्णतेच्या भेदावर चालणारे संवेदक घेतले तर त्यांचीही मर्यादा ठाऊक असावी: वैशाखात हवा अंगाइतकीच तापली की ते मंदावतात, आणि आडव्या चालीपेक्षा थेट समोरून येणारी चाल त्यांना कमी जाणवते. माथेरानच्या बाजूला माकडांचा उपद्रव लक्षात घेऊन तार उघडी लोंबती ठेवू नये हे वेगळे सांगायला नको.

विजेचा प्रश्न याहून बिकट आहे. १९१५ साली खोपोलीला आणि १९२२ साली भिवपुरीला टाटांची जलविद्युत केंद्रे सुरू झाली आणि याच डोंगरांतून उतरलेल्या पाण्यावर मुंबईच्या गिरण्या चालल्या. तरी वादळात झाड तारेवर पडले की येथल्या वाड्यावस्त्यांतली वीज जाते ती जातेच. अशा वेळी कॅमेऱ्याला बॅटरी असून भागत नाही. इंटरनेटचा राउटर बंद पडला की दूरवरच्या मालकाला सर्व अंधारच. राउटरसाठी बारा व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो, तो अवश्य घ्यावा, आणि विजांच्या दिवसांसाठी मुख्य जोडणीवर सर्ज प्रोटेक्टर बसवावा. चिरेबंदी किंवा दगडी भिंतीतून वायफायचा संकेत क्षीण होतो, २.४ गिगाहर्ट्झचा संकेत ५ गिगाहर्ट्झपेक्षा बरा पोचतो, आणि शक्य असेल तेथे वीज व संकेत एकाच तारेने नेणारी जोडणी सर्वांत विश्वासार्ह. सिमकार्डाचा कॅमेरा घेण्यापूर्वी त्याच भिंतीशी उभे राहून कोणत्या कंपनीचे नेटवर्क येते ते पावसाळ्यात तपासावे.

साठवणीविषयी थोडक्यात: दोन मेगापिक्सेलचे अखंड चित्रण सामान्यतः दिवसाला वीस-बावीस जीबी जागा व्यापते, म्हणजे ६४ जीबीचे कार्ड तीन दिवसांत भरून जुने पुसू लागते. सोमवारी झालेली घरफोडी शनिवारी लक्षात आली तर कार्डावर ती सापडणारही नाही. शिवाय चोर कॅमेराच उपटून घेऊन गेला तर कार्डही त्याच्याबरोबर जाते. म्हणून हालचालीची चित्रे तरी क्लाउडवर किंवा घरातल्या रेकॉर्डरवर जावीत. आणि परवलीचा शब्द कारखान्यातून आला तसाच ठेवू नये: २०१६ मध्ये ‘मिराई’ नावाच्या दुष्ट प्रणालीने असेच न बदललेले शब्द वापरून जगभरची लक्षावधी उपकरणे, त्यांत असंख्य कॅमेरे, आपल्या कबजात घेतली होती. भारत सरकारने अशा कॅमेऱ्यांसाठी सुरक्षाचाचणी सक्तीची केली असून नव्या नियमांचा अंमल एप्रिल २०२५ पासून सुरू झाला. बिनपावतीचा, बिननोंदणीचा माल घेऊ नये.

‘माझे घर, माझी भिंत, मी काहीही टिपीन’ हा समज मला सर्वांत घातक वाटतो. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचे एकमताने सांगितले. २०२३ च्या वैयक्तिक माहिती-संरक्षण कायद्याने निव्वळ घरगुती वापराला सवलत दिली आहे हे खरे, परंतु ती त्या कायद्यापुरती. शेजाऱ्याच्या न्हाणीघराकडे किंवा झोपण्याच्या खोलीकडे रोखलेला कॅमेरा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ ई व भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ च्या कक्षेत जाऊ शकतो, आणि त्यांत कारावासाची तरतूद आहे. एकाच घरात राहणाऱ्या भावांच्या वादात सहनिवाश्यांच्या संमतीशिवाय राहत्या भागात कॅमेरे चालवणे कलकत्ता उच्च न्यायालयाने खासगीपणाचा भंग ठरवले, आणि २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप केला नाही. एकत्र कुटुंबांच्या आपल्या गावांनी हा निकाल ध्यानात ठेवावा. चांगल्या कॅमेऱ्यात चित्राचा नको तो भाग झाकून टाकण्याची सोय असते. शेजाऱ्याचे अंगण तिने झाका, आणि ध्वनिमुद्रण बंद ठेवा.

बंगला पर्यटकांना भाड्याने देणाऱ्यांना तर याहून अधिक जबाबदारी आहे. एअरबीएनबीने ३० एप्रिल २०२४ पासून घराच्या आतले कॅमेरे सरसकट वर्ज्य केले आणि बाहेरचे आगाऊ जाहीर करण्याची अट घातली. कोणत्याही मार्गाने भाडेकरू येवोत, ही रीत पाळावी. आणि ज्या ठाकूर वा कातकरी कुटुंबाच्या हाती आपण घराची किल्ली सोपवून जातो, त्या कुटुंबाला कॅमेरा कोठे आहे, काय टिपतो आणि कोण पाहतो हे स्वच्छ शब्दांत सांगितलेच पाहिजे. आठवडाभर आपले घर राखणाऱ्या माणसावर न सांगता डोळा ठेवणे हा त्याच्या इमानाचा अपमान आहे, आणि फाटकाशी अनोळखी मोटार थांबली हे कोणत्याही यंत्राआधी तोच आपल्याला कळवणार असतो.

उरला विश्वासाचा प्रश्न. चित्रण मोबाइलमध्ये आहे म्हणजे पुरावा सिद्ध झाला, असे फिर्याद द्यायला जाणाऱ्यांना वाटते. तसे नाही. जालना मतदारसंघातील २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत नामनिर्देशनपत्रे मुदतीत दाखल झाली की मुदत टळल्यावर, हा वाद कार्यालयातल्या चित्रफितींवर येऊन ठेपला होता. अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या त्या प्रकरणात १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की मूळ उपकरणच न्यायालयात हजर करून त्याच्या मालकाने साक्ष दिली तर गोष्ट वेगळी, परंतु प्रत दाखल करायची असेल तर कायद्याने सांगितलेले प्रमाणपत्र अनिवार्य आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये हीच अट असून, प्रमाणपत्राचा एक भाग चित्रण सादर करणाऱ्याने आणि दुसरा तज्ज्ञाने भरायचा असतो, आणि त्यात फाइलचे ‘हॅश’ मूल्य, म्हणजे तिची अंकमय ओळखखूण, नोंदवायची असते. फाइलमध्ये यत्किंचित फरक झाला तरी ही खूण बदलते. व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवलेली चित्रफीत आकुंचित होऊन जाते, तिची खूण मूळ फाइलशी जुळत नाही आणि चेहराही धूसर होतो.

म्हणून चोरी उघडकीस येताच प्रथम कार्ड काढून बाजूला ठेवावे, म्हणजे नवे चित्रण जुन्यावर चढणार नाही. क्लाउडवरची फाइल तिच्या मूळ रूपात उतरवून घ्यावी. आणि कर्जत, नेरळ, खोपोली वा खालापूर, ज्या ठाण्याची हद्द असेल तेथील अंमलदार पंचनाम्याला आले म्हणजे कार्ड त्यांच्या स्वाधीन करताना कॅमेऱ्याचा अनुक्रमांक आणि त्या क्षणी कॅमेऱ्याचे घड्याळ खऱ्या वेळेच्या किती पुढे वा मागे आहे हे पंचनाम्यात लिहवून घ्यावे. इंटरनेट नसताना वीज जाऊन आली की या घड्याळांची वेळ बिघडते, आणि रात्री दोनची घटना दुपारची म्हणून नोंदली गेली की आरोपीच्या वकिलाचा पहिला प्रश्न तोच असतो.