‘उद्या’ म्हणणे हाही प्रमादच!

पंचशीलातील पाचवे शील आपण प्रत्येक वंदनेत म्हणतो. नशेने येणारी बेसावधी, म्हणजेच ‘पमाद’, टाळण्याची ती प्रतिज्ञा आहे. परंतु दारूला स्पर्शही न करणारा आपला विद्यार्थी ‘उद्यापासून वाचतो’ म्हणत अख्खे सत्र घालवतो, तेव्हा तीही बेसावधीच असते. धम्मपदातील दुसरा वग्ग अप्पमादावर आहे, हे त्याला कोणी सांगत नाही.

या मुलांना आळशी म्हणणे अन्यायाचे होईल. शिष्यवृत्ती रखडते, मेसचे पैसे थकतात, घरात विद्यापीठाची पायरी चढलेले दुसरे कोणी नसते. त्याहून मोठी अडचण भीतीची. लिहिलेले चुकले तर ‘कोट्यातला’ म्हणून हिणवतील, या धास्तीने प्रबंधाचे पहिले प्रकरण लिहिलेच जात नाही. मग जयंतीची वर्गणी, पोस्टर, बैठका यांत दिवस जातात आणि चळवळीचे काम केले म्हणून आपणच त्याची पाठ थोपटतो.

बाबासाहेबांचे चरित्र काय सांगते? १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने लंडनचे शिक्षण अर्धवट सोडून त्यांना परतावे लागले. सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी करून, पैसे साठवून १९२० साली ते पुन्हा गेले. रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा डी.एस्सी.चा प्रबंधही परीक्षकांनी फेरलेखनासाठी परत केला होता. त्यांनी तो पुन्हा लिहिला आणि १९२३ साली पदवी मिळवली. मग मार्गदर्शकाने आमच्या पानावर लाल रेघा मारल्या, तर त्यात लाज कसली?

आम्ही वकील मंडळी मुदतीचा कायदा रोज पाहतो. हक्क कितीही पक्का असो, मुदत टळली की दावा फेटाळला जातो. पीएच.डी.लाही विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनी सहा वर्षांची मुदत घातली आहे. पुनर्नोंदणीने मिळणारी वाढही मोजकीच.

तेव्हा विहारांच्या अभ्यासिकांनी नुसती दारे उघडी ठेवून भागणार नाही. रोज दोन तास मोबाईल बाहेर ठेवून बसायचे, एक पान लिहायचे आणि कच्चे असले तरी रविवारी वंदनेनंतर ज्येष्ठ विद्यार्थ्याला दाखवायचे, असा नेम तिथे लावला पाहिजे. आणि मुलांना मोर्चाला बोलावणाऱ्या कार्यकर्त्यांनी आधी एवढेच विचारावे, ‘या आठवड्यात किती पाने झाली?’ आपल्या घोषणेत संघर्षाच्या आधी ‘शिका’ आहे, हे विसरून चालणार नाही.