प्रीती, पागडी आणि ‘घरौंदा’

हिंदी चित्रपटांतील प्रेमिकांच्या वाटेत कोणते अडथळे येणार, हे प्रेक्षकाला चित्रगृहात शिरण्यापूर्वीच ठाऊक असते. करारी पिता, दोन घराण्यांचे वैर, श्रीमंती-गरिबीची दरी, आणि यांपैकी काहीच नसले तर मिशांना पीळ देणारा खलनायक. १९७० च्या दशकात मात्र मोजक्या चित्रपटांतून असा एक प्रतिनायक पडद्यावर आला की, ज्याला चेहरा नव्हता आणि संवादही नव्हते. मुंबईतील जागेची टंचाई हा तो प्रतिनायक. त्या दशकातील प्रेमपटांची आठवण आजही निघते ती बहुधा त्यांतील गाण्यांमुळे. या टंचाईने त्यांना कथानके पुरविली आणि त्याचबरोबर अभिनयाची एक निराळी रीतही घडविली, याची दखल त्या मानाने कमीच घेतली जाते.

या टंचाईची मुळे जुनी होती. १९४७ च्या कायद्याने मुंबईतील घरभाडी १९४० च्या पातळीवर बांधून टाकली. बिऱ्हाडकरूला त्यामुळे आधार मिळाला हे खरेच. पण भाड्याने देण्यासाठी नवे घर बांधण्यात कोणाला स्वारस्य उरले नाही. रिकाम्या झालेल्या खोलीला पागडी पडू लागली, आणि ज्याच्यापाशी पागडीचे पैसे नाहीत त्याने मालकीचा फ्लॅट घ्यावा, असा उफराटा न्याय सुरू झाला. दरमहा ठरावीक पगारावर जगणाऱ्या तरुण कारकुनाला लग्न ठरविणे सोपे आणि खोली मिळविणे अवघड, अशी ही परिस्थिती होती.

मराठी पडद्याने ती आधी ओळखली. राजा ठाकूर यांच्या ‘मुंबईचा जावई’ या १९७० च्या चित्रपटावरून बासू चटर्जी यांनी १९७२ मध्ये ‘पिया का घर’ काढला. गावाकडच्या मोकळ्या घरातून मुंबईच्या चाळीत नांदायला आलेली मालती, एवढ्याशा जागेत सासरचा सारा गोतावळा, आणि नवदांपत्याच्या वाट्याला आलेले स्वयंपाकघर. प्रेक्षक हसतात, पण ज्यांनी अशा बिऱ्हाडात पहिली वर्षे काढली असतील त्यांना ते हसू घशाशी अडल्यावाचून राहत नाही. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून नुकत्याच बाहेर पडलेल्या जया भादुरीने या मालतीला जे दिले, ते संवादांत शोधून सापडायचे नाही. पलीकडे सासरे जागे आहेत, हे भान तिच्या प्रत्येक हालचालीत आहे. चाळीत प्रेमसुद्धा दबक्या आवाजातच करावे लागते, आणि मोठ्या आवाजाला सरावलेल्या हिंदी पडद्याला हा दबका आवाज नवा होता.

शेवट मात्र पटत नाही. नव्या जोडप्याला जागा मिळावी म्हणून घरातली माणसे आपण होऊन बाहेर पडायला निघतात आणि मालतीचे मन पालटते. माणसांच्या चांगुलपणाने खोलीचे क्षेत्रफळ वाढत नसते. दिग्दर्शकाने मायेचे पांघरूण घालून प्रश्न झाकला, एवढेच म्हणता येईल.

ते पांघरूण ‘घरौंदा’ने ओढून काढले. शंकर शेष यांच्या कथेवर भीमसेन यांनी १९७७ मध्ये हा चित्रपट केला. एकाच कचेरीत काम करणारे सुदीप आणि छाया. तो तीन-चार सोबत्यांसह एका खोलीत राहणारा, ती भावाच्या दाटीच्या संसारात. पैपैसा साठवून दोघे फ्लॅटसाठी रक्कम भरतात आणि बांधणारा पैसे घेऊन पळून जातो. सुदीपच्या खोलीतला एक सोबती त्या धक्क्याने जीव देतो. (बांधकाम व्यावसायिकांच्या अशाच लबाड्यांना आळा घालण्यासाठी महाराष्ट्राने १९६३ मध्येच मालकी फ्लॅटचा कायदा केला होता, ही गोष्ट चित्रपट पाहताना विसरू नये. अशाच तक्रारींवर २०१६ मध्ये पुन्हा देशव्यापी कायदा करावा लागला.) आणि मग तो प्रसंग येतो, ज्यासाठी हा चित्रपट लक्षात राहतो. कचेरीचे मालक मोदी हे विधुर, वयस्क आणि हृदयविकाराने आजारी. त्यांनी छायाला मागणी घातली आहे. सुदीप तिला सुचवितो की तिने होकार द्यावा. म्हातारा फार दिवस काढणार नाही. मग पैसा आपला, घरही आपले.

अमोल पालेकर तोवर ‘रजनीगंधा’ आणि ‘छोटी सी बात’ यांमुळे सर्वांच्या घरचा झालेला होता. वेंधळा, लाजरा, बढतीची वाट पाहणारा, बसच्या थांब्यावर ताटकळणारा. त्याच निरुपद्रवी चेहऱ्याने तो ही सूचना करतो, आणि अंगावर काटा येतो तो म्हणूनच. सुदीप दुष्ट नाही. इतक्या वर्षांचा हिशेब करून करून त्याला आता सगळ्याच गोष्टींची बेरीज-वजाबाकी करण्याची सवय जडली आहे, आणि छायाही त्या बेरजेत कधी येऊन बसली हे त्याचे त्यालाच कळलेले नाही. पालेकरांनी ही घसरण कोठेही अधोरेखित केलेली नाही.

छाया संतापते, आणि पुढे मोदींशी लग्न करते. पण सुदीपच्या हिशेबाप्रमाणे काहीच घडत नाही. तिच्या शुश्रूषेने मोदी बरे होऊ लागतात! झरीना वहाबच्या वाट्याला येथे चित्रपटातील सर्वांत अवघड काम आले आहे. प्रियकरावरचा राग, पतीविषयी हळूहळू उमलणारा आदर, आणि आपण विकले गेलो की काय ही शंका, या तिन्ही भावना तिला एकाच शांत चेहऱ्यावर वागवायच्या आहेत. तिच्या कामगिरीचे हवे तेवढे कौतुक झाले नाही, हे नमूद करायलाच हवे.

कौतुक झाले ते डॉ. श्रीराम लागू यांचे, आणि तेही रास्तच होते. साहाय्यक अभिनेत्याचे फिल्मफेअर पारितोषिक त्यांना याच भूमिकेने मिळवून दिले. मोदींची भूमिका सामान्य नटाच्या हाती पडती, तर पैशाने तरुणी विकत घेणारा म्हातारा एवढीच ती उरली असती. लागूंचा मोदी एकटा आहे, सभ्य आहे, आणि आपण मागतो आहोत ते आपल्या वयाला शोभत नाही याची त्याला जाणीव आहे. १९७० मध्ये ‘नटसम्राट’मधील बेलवलकरांच्या रूपाने हाच नट रंगभूमीवर निवाऱ्याची याचना करीत फिरला होता. येथे त्याच्यापाशी घर आहे, गाडी आहे, दाराशी नोकर आहेत, आणि तरीही तो याचकच वाटतो. फरक आवाजाचा. नाट्यगृह भरून टाकणारा तो आवाज या चित्रपटात इतका खाली उतरला आहे की, समोरच्या माणसाला कान देऊन ऐकावे लागते. लागू २०१९ मध्ये निवर्तले. त्यांच्या मोठ्या भूमिकांच्या यादीत मोदीचे नाव क्वचितच पहिल्या ओळीत येते.

अखेरीस छाया पतीच्या घरीच राहते. सुदीप आणि ती अर्धवट बांधलेल्या इमारतींमधून भावी संसाराची दालने आखत हिंडली होती, ते गाणे आजही आकाशवाणीवर लागते आणि ऐकणारे त्याला आनंदगीत समजून गुणगुणतात. त्या इमारती मात्र केव्हाच पुऱ्या झाल्या असतील. त्यांत कोणीतरी राहातही असेल.