सावधान !

मंगलाष्टकें संपतांना भटजी ‘सावधान’ म्हणून उच्च स्वरानें बजावतात, तेव्हां मांडवांतील फारच थोडे लोक सावध होतात. बहुतेकांचें लक्ष हातांतील अक्षतांकडे आणि पुढच्या पंगतीकडे असतें. तो शब्द मनापासून ऐकणारा पुरुष एकच होऊन गेला, आणि तो बोहल्यावरूनच निघून गेला, अशी आपल्याकडे आख्यायिका आहे. आम्हींहि तो शब्द योग्य वेळीं ऐकला होता. पण जागचे हाललों नाहीं. पुढें पुष्कळ वर्षांनीं तोच शब्द एका घाटाच्या तोंडाशीं पाटीवर लिहिलेला दिसला, आणि त्या दिवशीं मात्र त्याचा अर्थ आम्हांस चांगलाच कळला. ती हकीकत वाचकांस सादर करीत आहों.

आमचें कुटुंब एकत्र आहे. जुना वाडा जाऊन त्या जागीं तीन मजली इमारत उभी राहिली. पण चूल अद्याप एकच आहे. वडील बंधु, ज्यांना सारेजण दादा म्हणतात, वहिनी, आमची पत्नी, दोहोंकडचीं मुलें आणि नव्वदी गाठलेल्या मातोश्री असा हा परिवार. या घरांत तीस वर्षें मोटारसायकलचें नांव काढण्याची सोय नव्हती. तरुणपणीं दादा एकटेच फटफटीवरून कोंकणांत उतरत असतां घाटांत पडले. उजव्या पायाचें हाड तीन ठिकाणीं मोडलें, आणि तो पाय आजहि किंचित् ओढत चालतो. नेमकें काय घडलें तें त्यांनीं कोणासहि सांगितलें नाहीं, आणि त्यांना विचारण्याची कोणाची छाती झाली नाहीं. आम्ही मात्र नोकरीनिमित्त वीस वर्षें बडोद्यास होतों. तेथें ही विद्या शिकलों, आणि निवृत्त होऊन पुण्यास परतलों तेव्हां गाडीहि बरोबर आली. दाराशीं वाघ बांधावा तशी वहिनींची मुद्रा झाली. त्यांतच दादांचे चिरंजीव महाविद्यालयाच्या शेवटच्या वर्षास पोहोंचले आणि त्यांनाहि गाडीची स्वप्नें पडूं लागलीं. दादांचें उत्तर एका अक्षरांत संपे. पुतण्याचे डोळे मग आमच्याकडे वळत.

अशा स्थितींत एका रात्रीं जेवणें झाल्यावर आम्हीं हळूच विषय काढला कीं एक दिवस एकट्यानें सह्याद्रीचे आडमार्ग हिंडून यावे असें मनांत आहे. सर्वत्र शांतता पसरली. दादा सुपारी कातरीत होते. अडकित्ता खालीं ठेवून ते म्हणाले, “तीन अटी आहेत. सूर्य मावळल्यावर तुझें चाक घाटांत असतां कामा नये. जेथें जेथें थांबशील तेथून घरीं कळवायचें. आणि तिसरी : रस्ता ‘नाहीं’ म्हणाला तर त्याच्याशीं हुज्जत घालायची नाहीं.” एवढें बोलून त्यांनीं अडकित्ता पुन्हां उचलला.

दसरा होऊन पाऊस सरला होता. वरंध घाट मोकळा असल्याची चौकशी आदल्या दिवशीं केली. कारण दरडींमुळें वा दुरुस्तीसाठीं तो अनेकदां बंद ठेवावा लागला आहे. चाकांतील हवा, साखळीचा ताण, दोन्ही ब्रेक व दिवे पाहून घेतले. शिरस्त्राण, हातमोजे, पावसाळी कोट, पंक्चरचें साहित्य आणि मातोश्रींनीं दिलेली दशम्यांची पुरचुंडी एवढेंच सामान. भोरवरून वरंध घाट उतरावयाचा, शिवथरची घळ पाहावयाची, महाड-पोलादपूर करून आंबेनळी घाटानें महाबळेश्वर गांठावयाचें आणि वाईवरून संध्याकाळीं घरीं, असा बेत होता. कागदावर हा हिशेब फार सुरेख जमला होता.

उजाडतां उजाडतां निघालों तों आठाच्या सुमारास भोर आलें. पुण्याहून सुमारें पन्नास किलोमीटरवरचें हें गांव १९४८ पर्यंत पंतसचिवांच्या संस्थानाची राजधानी होतें. भोर सोडलें कीं हिरडस मावळ लागतें. हा बांदल देशमुखांचा आणि बाजीप्रभूंचा मुलूख. निगुडघर, हिरडोशी अशीं गांवें मागें टाकीत रस्ता नीरा-देवघर धरणाच्या पाण्याच्या कांठाकांठानें वर चढतो. भातखाचरें पिकून पिवळीं झालीं होतीं. ओढ्याच्या मोरीवर आलों कीं गुडघ्यांस गारवा लागे, आणि ती ओलांडतांच पिकल्या भाताचा उबदार वास येई.

ज्यांनीं हें वाहन चालविलें नाहीं त्यांच्यासाठीं दोन शब्द सांगणें अवश्य आहे. फटफटीचें प्रत्येक चाक जमिनीस तळहाताएवढ्या जागेंतच टेकतें. स्वाराचा सारा भार त्या दोन तळहातांवर असतो. तेथें ओला शेवाळ, वाळू किंवा सांडलेलें तेल आलें कीं आधार संपला. दुसरें असें कीं वळणावर गाडी नजरेच्या मागें जाते. जेथून बाहेर पडावयाचें तेथें दृष्टि ठेविली तर गाडी तिकडे वळते. खड्ड्याकडे भिऊन पाहत राहिलें तर ती इमानानें खड्ड्यांतच नेऊन सोडते. तिसरें, उतारावर ब्रेक दाबून धरूं नयेत, ते तापून निकामी होतात; ज्या गिअरमध्यें घाट चढावा त्याच गिअरमध्यें उतरावा, म्हणजे इंजिनच गाडीस लगाम घालतें. आणि चढणाऱ्या वाहनास उतरणाऱ्यानें वाट द्यावी, हा तर आपल्याकडील वाहतुकीचा नियमच आहे.

माथ्यावर पोहोंचलों. येथें सह्याद्रीची धार आहे. या बाजूस पडलेला पाऊस नीरेंत जातो, नीरा भीमेस मिळते, भीमा कृष्णेस, आणि तें पाणी सारा दक्षिणदेश ओलांडून बंगालच्या उपसागरास मिळतें. चार पावलें पलीकडे पडलेला थेंब सावित्रींत उतरून बाणकोटच्या खाडीनें अरबी समुद्रांत जातो. कावळ्या किल्ल्याच्या डोंगरांतून खिंड फोडून रस्ता काढला आहे. त्यामुळें त्या किल्ल्याचेच दोन भाग झाले. खिंडीजवळ वाघजाईचें देऊळ आणि चहाभज्यांच्या टपऱ्या आहेत. तेथून घरीं कळविलें. चहावाल्या मावशींनीं विचारलें, “एकलेच का?” होय म्हणतांच त्यांनीं पैसे न वाढवतां चहाचा पेला कांठोकांठ भरला.

घाट उतरून बारसगांवच्या फाट्यावरून शिवथरच्या घळीकडे वळलों. समर्थांनीं दासबोध याच घळींत सांगितला असें परंपरा सांगते. धुळ्याचे शंकर श्रीकृष्ण देव यांनीं १९३० च्या सुमारास हें स्थान पुन्हां प्रकाशांत आणलें. घळीपुढील धबधब्याचा जोर ओसरला होता. तरी त्याच्या घोषांत दुसरें कांहीं ऐकूं येत नव्हतें. तेथें बसून दशम्या खाल्ल्या. बोहल्यावरून उठलेल्या त्या पुरुषानें पुढें साऱ्या महाराष्ट्रास सावधपणाच शिकविला, हा विचार मनांत आला आणि हंसूं आलें. हंसण्याच्या नादांत तेथें अर्धा तास अधिक गेला, हें नमूद केलें पाहिजे.

महाडास दोन वाजले. ज्या चवदार तळ्याचें पाणी २० मार्च १९२७ रोजीं डॉ. आंबेडकरांनीं आपल्या अनुयायांसह प्राशन केलें, त्या तळ्याच्या कांठीं क्षणभर उभे राहिलों. आपल्यासारख्या घरांतील माणसांनीं तेथें जाऊन जरा वेळ खालीं पाहावें हें बरें. महाडाजवळच सावित्रीवरील जुना पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्रीं पुरांत वाहून गेला आणि एस. टी. च्या दोन गाड्या प्रवाशांसह नदींत गेल्या. याच तालुक्यांतील तळिये गांवावर २२ जुलै २०२१ रोजीं डोंगर कोसळून ऐंशींहून अधिक माणसें गेलीं. सह्याद्रीचा काळा पाषाण कठीण खरा. पण त्यावर मातीचा व झिजलेल्या दगडाचा जो थर असतो तो पाण्यानें जड झाला कीं उतारावरून सुटतो. या डोंगरांत रस्ता हा केवळ माणसानें बांधून संपत नाहीं; प्रत्येक पावसाळ्यानंतर डोंगराची संमति नव्यानें घ्यावी लागते.

पोलादपूर सोडून आंबेनळी घाटास लागलों तेव्हां तीन वाजून गेले होते. तोंडाशींच ती पाटी होती : ‘पुढें वळणें आहेत, सावधान’. याच घाटांत २८ जुलै २०१८ रोजीं सहलीची एक बस दरींत कोसळून बाकी सारीं माणसें दगावलीं आणि एकच वांचला. मनांत तें आलें, तशी गति कमी केली. इतक्यांत जावळीच्या अंगानें ढग आले. परतीचा पाऊस कसा असतो तें सर्वांस ठाऊक आहे. दहा मिनिटांत अंधारून आलें आणि धारा कोसळूं लागल्या. रस्त्यावरून तांबडें पाणी वाहूं लागलें. डाव्या हाताच्या कड्यावरून मुठीएवढे दगड टपटप येऊन पडूं लागले. एका वळणाच्या अलीकडे गाडी थांबविली. खिशांतील मोबाईल पाहिला. त्यास आवाज पोहोंचत नव्हता.

वरून एस. टी. ची गाडी सावकाश उतरत आली. चालकानें थांबून खिडकींतून डोकें काढलें. “साहेब, वरती माती सुटलीय. झाड पण कललंय. आमची गाडी निघाली तेवढी निघाली. तुम्ही आतां नका जाऊं.”

खरें सांगावयाचें तर त्या क्षणीं आम्हांस त्या सद्गृहस्थाचा रागच आला. महाबळेश्वर अवघें पंचवीस किलोमीटर राहिलें होतें. मागें फिरलों तर दिवसा घरीं पोहोंचणें अशक्य, म्हणजे रात्र परगांवीं काढणें आलें. घरीं वहिनी म्हणणार, “बघा, मी म्हणत नव्हतें?” पुतण्याच्या गाडीचा प्रश्न कायमचा निकालांत निघणार. शिवाय बस जर निघाली तर दोन चाकांची गाडी कां निघणार नाहीं? असा युक्तिवाद मनांत चालला असतां आमच्या ध्यानांत आलें कीं हीच ती हुज्जत. दादांनीं जिला मनाई केली होती ती हुज्जत आम्ही रस्त्याशीं, भर पावसांत, अगदीं साग्रसंगीत घालीत होतों.

गाडी वळविली. येथेंहि गर्वाचें घर खालीं झालें. घाटांत उतारावर, चिखलांत, सुमारें एकशें नव्वद किलोंची गाडी वळविणें सोपें नाहीं. पाय घसरला, गाडी आडवी झाली, आणि उजवा आरसा फुटला. बसचे वाहक उतरून आले, दोघांनीं मिळून ती उभी केली. आभार मानूं लागलों तों ते म्हणाले, “आधीं खालीं चला.” त्यांच्या गाडीच्या मागोमाग, दुसऱ्या गिअरमध्यें, आम्ही पोलादपुरास उतरलों. पांच वाजले होते. सूर्य मावळावयास अवकाश होता.

एका साध्या खाणावळीवजा लॉजमध्यें खोली घेतली आणि घरीं फोन लाविला. वहिनींनींच घेतला. “भाऊजी, कुठें आहांत? जेवलांत का?” एवढें त्या बोलल्या, तोंच फोन दादांच्या हातीं गेला.

“कोठून फिरलास?”

“निम्म्या घाटांतून. वर दरड सुटली होती.”

“आपणहून?”

“नाहीं दादा. एस. टी. च्या चालकानें थांबविलें.”

पलीकडे बराच वेळ कोणी बोललें नाहीं. मग दादा म्हणाले, “मलाहि एकानें थांबविलें होतें. लाकडाचा ट्रक होता. तो मनुष्य दोन्ही हात हालवीत होता. मला वाटलें, अंधार पडायच्या आंत खालीं उतरून जाऊं.” पुन्हां ते थांबले. “नीट जेव. सकाळीं घाई करूं नकोस.”

तीस वर्षें घरांत न उच्चारलेलें वाक्य पोलादपूरच्या त्या खोलींत आम्हीं ऐकलें. बाहेर पाऊस थांबला होता आणि पागोळ्या गळत होत्या.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं रस्ता मोकळा झाल्याचें कळल्यावर तोच घाट चढलों. कालच्या वळणापलीकडे, दोन वळणें सोडून, तें झाड रस्त्याच्या कडेस ओढून ठेविलें होतें. खोड एखाद्या घरच्या खांबाइतकें जाड होतें. माती लोटणारे मजूर विड्या ओढीत बसले होते. ऊन स्वच्छ होतें, प्रतापगड समोर होता, आणि खालीं सावित्रीचें खोरें धुक्यानें भरलें होतें. दुपारीं वाईवरून घरीं पोहोंचलों.

दादा काठी टेकीत जिन्यावरून खालीं आले. फुटलेल्या आरशावरून त्यांनीं बोट फिरविलें, बाकी गाडीकडे पाहिलें, आणि बाजूस उभ्या असलेल्या चिरंजीवांस म्हणाले, “गाडीचें पुढें पाहूं. आधीं काकाकडून उतारावर वळवायला शीक. पुढें न्यायला कोणीहि शिकवील.” वहिनी कांहीं बोलल्या नाहींत, त्या आमचा ओला कोट घेऊन वाळत घालावयास गच्चीवर गेल्या.

मातोश्रींनीं एवढेंच विचारलें कीं दशम्या पुरल्या कां.