मधमाश्यांची पावसाळ्याची बेगमी

थंड प्रदेशात मधमाश्यांची कसोटी हिवाळ्यात लागते, सह्याद्रीत ती पावसाळ्यात लागते. महाबळेश्वरला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तो बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. संततधारेत कामकरी माश्यांना बाहेर पडता येत नाही आणि फुलोराही तुटपुंजा असतो. या भागात पेट्यांतून पाळली जाते ती सातेरी माशी. खायला उरले नाही, की ती पेटी सोडून निघून जाते. त्यामुळे 2022 मध्ये ‘मधाचे गाव’ म्हणून जाहीर झालेले मांघर असो की तालुक्यातले दुसरे गाव, मधपाळाला पावसाळ्याची तयारी मे महिन्यातच उरकावी लागते.

तयारीची सुरुवात मध काढतानाच होते. जांभळाच्या फुलोऱ्याचा मध वरच्या कोठीतून काढला, तरी खालच्या, पिल्लांच्या कोठीतला मध माश्यांसाठी राखतात. तो अपुरा वाटल्यास साखर आणि पाणी समभाग घेऊन केलेला पाक देतात. पाक संध्याकाळी, पेटीच्या आत ठेवतात. बाहेर सांडला तर वासाने शेजारच्या पेटीतल्या माश्या लुटायला येतात.

अन्न घटले, की राणी अंडी कमी घालते आणि माश्यांची संख्या रोडावते. रिकामी पोळी मग मेणपतंगाच्या तावडीत सापडतात. त्याच्या अळ्या मेणात बोगदे पोखरत जातात आणि मागे रेशमी जाळे सोडतात. म्हणून माश्यांनी पुरती झाकलेली पोळीच पेटीत ठेवून बाकीची काढून घेतात, तळपाटावरचा कचरा खरवडतात आणि दुबळ्या वसाहती एकत्र करतात.

पेटीचे दार वाऱ्याच्या उलट दिशेला करून अरुंद ठेवतात. पाणी आत साचू नये म्हणून पेटीला पुढे किंचित उतार देतात, छपरावर आच्छादन घालतात. मुंग्या चढू नयेत म्हणून घोडीचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवतात. त्यानंतर पेटी उघडायची ती उघडीप मिळाली तरच, आणि तीही थोडा वेळ.

पावसाचा जोर ओसरून तेरडा, सोनकी फुलू लागली, की माश्या परागाचे गोळे घेऊन परतताना दिसतात. पिल्लांची वाढ सुरू होते, पाक थांबवला जातो आणि काढून ठेवलेली पोळी एकेक करून पेटीत परत येतात.